आप्पांचा उभा व्हॅक्यूम

१

लग्न उरकलं की नवरानवरी गाडीत बसून निघून जातात, वऱ्हाडी हात पुसत पांगतात आणि मागं उरतं ते कार्पेट. त्यावर काय काय सांडलेलं असतं, ते मंडपवाल्यालाच ठाऊक. अक्षता, जिलबीचा पाक, पानाच्या पिचकाऱ्या, कुणाच्या पैंजणाचं घुंगरू. सिरसाळ्याच्या सोमनाथनं उमेदीची सगळी वर्षं हेच झाडण्यात घातली होती. गोडाऊनच्या मागं एक आडवा लोखंडी पाइप रोवलेला होता. त्यावर कार्पेट टाकायचं आणि एका बाजूनं त्यानं, दुसऱ्या बाजूनं सटवानं, वेळूच्या काठ्यांनी बडवायचं. सटवा त्याच्या वडिलांच्या वयाचा गडी. पण काठी अशी हाणायचा की कार्पेटशी त्याचं जुनं वैर आहे असं वाटावं.

सोमनाथ मात्र मऊ. मेंढरं राखणाऱ्या म्हाळूचा हा पोरगा रानात न रमता वायरी आणि मोटारींत रमला, त्यातून मंडपाच्या धंद्यात आला. या धंद्यात शिवी दिल्याशिवाय बांबू उभा राहत नाही. याच्या तोंडून चुकून शिवी निघाली तर गडी हसत सुटायचे. घरी बायकोशी, उज्ज्वलाशी, तो चढ्या आवाजातही बोलत नव्हता. तिचं पोट दोनदा अर्ध्यावर रिकामं झालं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते, सातवा महिना सरत आला होता आणि अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिला धुळीपासून सांभाळा आणि धसक्यापासून सांभाळा. घर गोडाऊनला लागूनच. म्हणून सोमनाथनं कार्पेट बडवणंच बंद केलं. मळकी कार्पेटं आत गुंडाळून रचली आणि लग्नसराई तोंडावर आली तरी त्यांना हात लावला नाही. हे लेकरू धडधाकट हातात यावं, यापलीकडं त्याला दुसरं काही नको होतं.

अशातच आप्पांचा खून झाला.

२

आप्पा म्हणजे धर्मापुरीच्या रस्त्यावरच्या बंगल्यातले. जमीन भरपूर, राजकारण त्याहून जास्त. अर्ध्या तालुक्यानं त्यांच्या हातचा मार खाल्ला होता आणि उरलेल्या अर्ध्यानं तो बघितला होता. सोमनाथ लहान असताना म्हाळूची मेंढरं त्यांच्या हरभऱ्यात शिरली, तेव्हा आप्पांनी म्हाळूला लिंबाला बांधून कासऱ्यानं फोडला होता. त्याच आप्पांना भर दुपारी, जेवण करून टीव्हीसमोर बसलेले असताना, कुणीतरी कोयत्यानं तोडलं. कुणी, ते पोलीस शोधत होते. लोकांना ठाऊक होतं आणि लोक गप्प होते.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा मुलगा विजयसिंह याचा फोन आला. उद्या सकाळपासून सांत्वनाला मोठी माणसं येणार, हॉल साफ करून बैठक घालायची, आणि घरातलं एक माणूस हॉलमध्ये पाय टाकायला तयार नाही. सोमनाथनं नाही म्हणायची हिंमत केली नाही.

हॉलभर उंची कार्पेट होतं. पोलिसांनी त्याचा मधला चौकोन कापून नेला होता. उरलेल्या कार्पेटवर वाळलेले काळपट शिंतोडे होते, बुटांची माती होती, माश्या होत्या. कापलेल्या चौकोनात उघडी फरशी दिसत होती आणि तिथं एक टोपलं पालथं घातलेलं होतं. शेजारी दिवा. आपल्याकडं माणूस गेलेल्या जागी असं पीठ पसरून झाकतात आणि सकाळी उघडून बघतात. पाखराची नखं उमटली तर जीव पाखरात गेला, खूर उमटला तर जनावरात, पाऊल उमटलं तर माणसात. शिकलेलेही हसत हसत का होईना, वाकून बघतातच.

माजघराच्या दारात आप्पांची बायको छबुबाई बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या मनगटाचा सांधा जुना मोडून वाकडा जुळलेला होता, आणि तो कसा मोडला हे विचारायची कुणाला गरज नव्हती. "सोमा, टोपल्याला धक्का लागू देऊ नको," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय, ते गेले का न्हाई."

मग भावकीतल्या बायकांनी त्यांना अंघोळीला नेलं.

३

विजेचा बोर्ड शोधायला सोमनाथ कोठीच्या खोलीत शिरला, आणि पोत्याखाली त्याला ते यंत्र दिसलं.

व्हॅक्यूम त्यानं बघितले होते. बीडच्या दुकानांत मिळतात ते, पाइप ओढत फिरणारे प्लास्टिकचे डबे. हा उभा होता. खाली बसकं, जड धातूचं डोकं, त्यातून वर आलेला लाकडी मुठीचा दांडा आणि दांड्याला लटकलेली जाड तपकिरी कापडाची लांब पिशवी. पुढं एक दिवा. पायानं दाबायची कळ, ती दाबली की दांडा मागं झुकायचा. वायर दोन आकड्यांवर इतकी नीट गुंडाळलेली की गुंडाळणाऱ्याचा स्वभाव कळावा. सोमनाथनं यंत्र उलटं केलं. पोटाशी केसाळ ब्रशाचा रूळ होता आणि रुळावर धातूच्या दोन उंच पट्ट्या. म्हणजे हे नुसतं धूळ ओढत नव्हतं. आधी गालिच्याला खालून मारत होतं, मग ओढत होतं. जे काम तो आणि सटवा काठ्यांनी करत होते, ते इथं एका हातभर रुळात बसवलं होतं. रबरी पट्टा अजून तुटला नव्हता. एका स्क्रूचंही डोकं झिजलेलं नव्हतं. बनवणाऱ्याच्या हाताला सोमनाथनं मनातल्या मनात नमस्कार केला.

विजयसिंहला विचारलं तर तो म्हणाला, "कारखान्याच्या दौऱ्यात आप्पा विलायतेला गेलते, तवा आणलाय. कुणाला हात लावू देत नव्हते. चालला तर तूच ने. त्यांची वस्तू नको आमाला."

चालला. दिवा पेटला, पिशवी फुगून ताठ उभी राहिली आणि सोमनाथच्या हातात जणू एक जनावर आलं. रूळ फिरू लागला की असं यंत्र ढकलावं लागत नाही, आवरावं लागतं. मार खाऊन कार्पेट थरथरत होतं आणि मागं स्वच्छ पट्टा सुटत होता. वाळलेलं रक्त भुकटी होऊन निघत होतं. सोमनाथला आपण कुणाच्या घरात काय करतोय याचा विसर पडला. त्याचे डोळे त्या स्वच्छ पट्ट्यावर होते, पुढं नव्हते. यंत्राचं डोकं चौकोनात उतरलं, टोपलं घरंगळलं, दिवा विझला आणि एका घोटात सगळं पीठ आत गेलं.

त्यानं यंत्र बंद केलं. फरशी लख्ख होती. हॉलमध्ये कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातल्या डब्यातून त्यानं मूठभर पीठ आणलं, हातानं सारखं केलं, टोपलं झाकलं, दिवा पुन्हा लावला. काम नीट झालं.

सकाळी तो बैठक घालायला गेला, तेव्हा छबुबाईंनी सगळ्यांदेखत टोपलं उचललं. पिठावर मुंगीचंसुद्धा पाऊल नव्हतं. मोक्ष मिळाला, असं कुणी म्हणालं. छबुबाई त्या कोऱ्या पिठाकडं बघत राहिल्या.

"मोक्ष कशाचा," त्या म्हणाल्या. "गेलेच न्हाईत ते."

सोमनाथनं तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तो खुर्च्यांच्या खोळी सारख्या करत राहिला.

४

गोडाऊनमध्ये यंत्र आलं आणि सोमनाथचे दिवस बदलले. शटर अर्धं ओढून तो आतल्या आतच कार्पेटं साफ करू लागला. धूळ अंगणात नाही, घरात नाही, उज्ज्वलाच्या नाकात नाही. दबून बसलेली लोकर उभी राहायची, विटलेला लाल रंग पुन्हा लाल दिसायचा. परळीच्या एका कार्यालयवाल्यानं नवी घेतली का म्हणून विचारलं. सोमनाथ रोज काम संपल्यावर यंत्र पुसायचा, रुळात अडकलेले केस ब्लेडनं काढायचा आणि वायर आकड्यांवर तशीच गुंडाळायचा, जशी आधी होती.

फक्त एक गोष्ट होती. पिशवीच्या वरच्या तोंडाची क्लिप काढून तो कचरा पोत्यात ओतायचा. पोतं भरून धूळ निघाली, तांदूळ निघाले, गोंड्यांचे धागे निघाले. पीठ निघालं नाही. धुळीत मिसळून गेलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग पिशवी उलटी करून झटकली. अस्तर चाचपलं. पांढरा कणही नाही. आणि रिकामी पिशवी दांड्याला अडकवताना मात्र ती जड लागायची, खाली ओघळलेली आणि किंचित कोमट. मोटारीची ऊब असणार. पण सकाळी यंत्र सुरू करायच्या आधीही ती असायची.

उज्ज्वला एका दुपारी डबा घेऊन आली. तिला यंत्र आवडलं. त्याच्या दिव्याला ती हसली, मूठ धरून बघितली, पिशवीवर हात फिरवला. मग हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"आत काय हाय हो? हालल्यासारखं वाटतंय."

काही नाही, हवा असते, असं तो म्हणाला. त्याच क्षणी तिच्या पोटातल्या लेकरानं लाथ मारली. इतक्या जोरात की ती वाकली आणि डबा खाली पडला.

५

मग सगळीकडंच काही ना काही बिघडत गेलं.

गोडाऊनच्या दारात एक कुत्रं असायचं, उष्ट्यावर वाढलेलं, लाडिक. ते एका सकाळी मागच्या लोखंडी पाइपाखाली मेलेलं सापडलं. पाठीचा कणा काठीनं मोडलेला होता आणि वेळूची काठी शेजारीच पडली होती. सोमनाथ रडला. त्यानं स्वतः खड्डा खणून ते पुरलं आणि असं करणाऱ्याचे हात झडोत, असं दिवसभर म्हणत राहिला.

सटवाचा गाल एके दिवशी सुजून डोळ्यापर्यंत निळा झाला होता. ओठ फाटला होता. कुणी मारलं, असं सोमनाथनं कळवळून विचारलं. सटवा त्याच्याकडं बघतच राहिला. 

"इचारता कावून, मालक?" एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. म्हातारपणी डोकं फिरलं, असं सोमनाथला वाटलं. मालक असंही तो आजवर कधी म्हणाला नव्हता. सोमा म्हणायचा.

घरी लेकरू शांत बसत नव्हतं. उज्ज्वलाच्या पोटावर आतून ढुशा बसायच्या, साडीवरून दिसाव्यात अशा. सुरुवातीला पैलवान होणार म्हणून दोघं हसले. मग तिचं हसणं बंद झालं. तिच्या दंडावर डाग दिसले, पाठीवर दिसले. पायरीवर घसरले, असं ती जमिनीकडं बघत म्हणाली. जपून चालत जा, लेकराची काळजी नाही का, असं तो तिला पोटतिडकीनं समजावत राहिला आणि स्वतःच्या हातानं मलम चोळलं. मलम चोळताना ती डोळे मिटून, दात आवळून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लेकराचे ठोके जोरदार असल्याचं सांगितलं आणि सोमनाथला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. आत दोघी काय बोलल्या, ते त्याला कळलं नाही.

परतताना त्यानं विचारलं, आता कसं वाटतंय.

"तुमी बाहीर होता तवर निजलं होतं," उज्ज्वला म्हणाली. "हे लेकरू खेळत न्हाई. तुमी जवळ आला की मारायला लागतंय."

 दोन लेकरं गेली ती न सांगता गेली होती. हे जाताना सांगून जाणार, अशी भीती त्याला वाटली. आणि मग विचार करता करता सगळ्याचं मूळ त्याला एका जागी दिसलं. यंत्र आलं, त्याच्या मागून हे आलं. पिशवीला हात लावला आणि लेकरू बिथरलं. आप्पा आत आहेत. हे असलं काही मानणारा मी नव्हे, असं तो स्वतःला बजावत होता, आणि बजावता बजावता टेम्पोत यंत्र चढवत होता.

६

बंगल्याच्या फाटकाशी छबुबाई एकट्याच होत्या, शेवग्याखाली खुर्ची टाकून. चेहरा उजळला होता. हातात बांगड्या नव्हत्या, पण मानेला ताठपणा आला होता. सोमनाथ टेम्पोतून उतरला तशा त्या उठून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मान खाली घातली.

धनगराच्या पोरासमोर या बाईनं पदर घ्यावा, असं कधी झालं नव्हतं. सोमनाथ गडबडला. यंत्र परत द्यायला आलो, आमच्याकडं जमत नाही, असं काहीबाही तो बोलला. पीठ सांडल्याचंही त्यानं सांगून टाकलं. छबुबाई ऐकत होत्या. वाकडा हात त्यांनी पदराखाली घेतला.

"ते यंत्र घिऊन जा," त्या म्हणाल्या, जमिनीकडं बघत. "मी काईच बोलले न्हाई. कुणाला काय सांगितलं न्हाई. हितं येऊ नका आता तुमी."

"मावशी, मी सोमा हाय."

त्यांनी मान वर केली नाही. मागं मागं सरकत त्या व्हरांड्यापर्यंत गेल्या, आत शिरल्या, आणि आतून कडी लागली. मग दुसरी कडी लागली. दुःखानं बाईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, असं सोमनाथ टेम्पो वळवताना स्वतःशी म्हणाला. 

वाटेत त्यानं ठरवलं. त्या सकाळी जे बघायचं राहिलं, ते आता बघून टाकायचं. पीठ बाहेर काढायचं, पसरायचं, झाकायचं. आप्पा कुठं जायचे तिथं जातील, खूण मिळाली की पीठ नदीत सोडायचं, यंत्र भंगारात द्यायचं. आणि लेकरू निवांत होईल. त्याला हे इतकं सोपं वाटलं की हायसंच वाटलं.

७

दुपारच्या उन्हात शटर आतून ओढून त्यानं दोर कापायचा सुरा घेतला. यंत्र समोर उभं होतं. इतकं देखणं यंत्र पुन्हा हातात येणार नाही, याचं त्याला खरंच वाईट वाटलं. मग त्यानं पिशवीत सुरा खुपसला.

कापड सहज फाटेना. तो खुपसत राहिला, ओढत राहिला, शिव्या देत राहिला. आपल्याला इतक्या शिव्या येतात, हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी अस्तर उभं चिरलं आणि पीठ बाहेर आलं. मूठभर गेलं होतं. आलं ते पायलीभर, मऊसूत, अंगासारखं ऊन. त्यात लाल काळे कण होते. त्यानं ते फरशीवर पसरलं, हातानं सारखं केलं, टोपलं पालथं घातलं, दिवा लावला. बाहेर येऊन शटरला कुलूप लावलं आणि पायरीवर बसला. पलीकडं घरात उज्ज्वलाचे पाय वाजत होते. ती काहीतरी आवरत होती. फोनवर हळू बोलत होती. त्याच्या वडिलांचं नाव एकदा ऐकू आलं.

आतून आवाज आला. रूळ फिरल्याचा, थोडाच वेळ. वायर तर आकड्यांवर गुंडाळलेली होती. सोमनाथ उठला नाही. त्यानं गुडघे छातीशी घेतले आणि कुलपाकडं बघत राहिला.

उन्हं कलल्यावर त्यानं कुलूप काढलं. टोपलं जागेवरच होतं. उचललं.

पिठावर पावलं उमटली होती. दोन, शेजारी शेजारी, दाराकडं तोंड करून, खोलवर. मोठ्या माणसाची. माणसात गेले तर, असं तो पुटपुटला, आणि त्याला क्षणभर सुटल्यासारखं झालं. मग त्यानं वाकून बघितलं. उजव्या टाचेला आडवी भेग होती, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. त्यानं चप्पल काढली. पाऊल त्या खुणेवर टेकवलं. कुठंच जागा उरली नाही. पाय उलटा करून बघितला तर टाचेच्या भेगेत पीठ आधीच बसलेलं होतं, दाबून, जुनं.

म्हणजे मीच मधे आत आलो असेन आणि विसरलो असेन, असं त्याच्या बुद्धीनं सुचवलं. मग सटवाचं बघणं आठवलं. कुत्र्याजवळची काठी आठवली. ती कुणाच्या हातात होती ते आठवेना. आत येऊन विसरलो हे खरं, की आत आलोच नाही हे खरं, यातलं कोणतं खरं असलेलं बरं, ते त्याला ठरवता येईना.

शटरमध्ये उज्ज्वला उभी होती. खांद्याला कपड्यांची पिशवी होती. बाहेर रस्त्यावर त्याचे वडील म्हाळू रिक्षा थांबवून उभे होते, पण आत यायला धजत नव्हते. उज्ज्वलाच्या नजरेस आधी पीठ पडलं, मग चिरलेलं यंत्र, मग सुरा. तो अजून त्याच्या हातातच होता.

"मी आईकडं चाललेय," ती म्हणाली. "लेकरू झाल्यावर बघू."

त्याला तिला सगळं सांगायचं होतं. आप्पा सापडले, आता भीती नाही, जाऊ नको, हे सांगायचं होतं. तो एक पाऊल पुढं आला. तिच्या पोटावरची साडी आतून उचलली गेली, एकदा, पुन्हा एकदा, सारखी.

"मागं सरा," ती म्हणाली.

घाबरू नको असं सांगायला त्यानं हात वर केला. निदान त्याला तरी असं वाटलं. उज्ज्वला ओरडली नाही. तिनं पिशवी टाकली, तोंड भिंतीकडं केलं, दोन्ही हातांनी पोट झाकलं आणि त्याच्यापुढं पाठ केली. तिला ते करायला जराही वेळ लागला नाही.